फ्लेक्सिबल, प्लायबल, अ‍ॅजाइल, निंबल : ‘लवचीक’साठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द निवडायचा?

गेल्या पावसाळ्यात सिन्नरहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे आली. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात जागा होती. अर्ज नेटका होता, स्पेलिंग बिनचूक होतं आणि तिसऱ्या ओळीत तिने स्वतःबद्दल तीन विशेषणं लिहिली होती : हार्डवर्किंग, पंक्च्युअल आणि मॅलिएबल. तिसरा शब्द कुठून आणला, असं विचारलं तर म्हणाली, “मॅडम, फ्लेक्सिबल तर सगळेच लिहितात. मोबाईलवर समानार्थी शब्द शोधले, त्यात हा जरा भारी वाटला.”

मॅलिएबल म्हणजे हातोड्याने ठोकून हवा तो आकार देता येईल असा. माणसाबद्दल वापरला की त्याचा अर्थ होतो, कोणीही यावं आणि घडवून जावं. तिला म्हणायचं होतं की पाळी बदलली, काम बदललं, तरी मी जमवून घेईन. वाचणाऱ्याला कळलं असतं की हिला स्वतःचं मत नाही. एवढी हुशार मुलगी, आणि एका शब्दामुळे तिच्याबद्दल असा ग्रह व्हावा याचं मला फार वाईट वाटलं. हा लेख त्या दिवसापासून डोक्यात आहे.

घोळ होतो तो असा. मराठीत आपण ‘लवचीक’ हा एकच शब्द सगळीकडे चालवतो. वेळापत्रक लवचीक, शरीर लवचीक, वेताची छडी लवचीक, धोरण लवचीक. मराठीकडे शब्द कमी आहेत असं मुळीच नाही. चपळ आहे, चिवट आहे, चंचल आहे, तरल आहे, अष्टपैलू आहे. पण शाळेत ‘लवचीक म्हणजे फ्लेक्सिबल’ एवढी एकच जोडी पाठ झाली आणि पुढे समानार्थी शब्दांच्या यादीने वीस शब्द एका रांगेत उभे केले, जणू सगळ्यांची किंमत सारखीच.

शब्द निवडताना मी मुलांना दोन प्रश्न विचारायला लावते. पहिला : हलतं ते स्वतःहून हलतं, की दुसरं कोणी त्याला हलवतं? दुसरा : जोर काढून घेतला की ते पुन्हा मूळ जागेवर येतं का? या दोन प्रश्नांवर बहुतेक जोड्या सुटतात. बाकीच्यांसाठी शब्दाचं मूळ पाहावं लागतं.

फ्लेक्सिबल की प्लायबल?

फ्लेक्सिबलच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘वाकवणे’ आहे. प्लायबल फ्रेंचमधल्या ‘घडी घालणे’ या क्रियापदातून आला. सातपूरला कामगाराच्या खिशातली पक्कड, जिला इंग्रजीत प्लायर्स म्हणतात, ती याच घराण्यातली. प्लायवूडमधला ‘प्लाय’ म्हणजे थर, तोही त्यांचाच भाऊ.

फरक निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत चटकन दिसतो. ठिबकची काळी नळी घ्या. गुंडाळा, सरळ करा, सरीत टाका, पुन्हा गुंडाळा. ती वाकते, पण तिचा नळीपणा सोडत नाही. ती फ्लेक्सिबल. आता एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेली काडी बघा. हिरवी असेपर्यंत हळुवार हाताने वळवून तारेला बांधता येते आणि बांधाल तशी ती वाढते. ती प्लायबल. तीच काडी पिकून तपकिरी झाली की जबरदस्ती केल्यावर कट्कन मोडते. तेव्हा तिला दोन्हीपैकी कोणताच शब्द लागू नाही.

माणसाबद्दल लिहिताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. फ्लेक्सिबल माणूस स्वतः ठरवून वाकतो. प्लायबल माणसाला दुसरे वाकवतात. इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्या समितीला प्लायबल किंवा त्याच्या जवळचा प्लायंट हा शब्द लावलेला दिसला, तर ती टीका आहे हे ओळखावं. आपल्याकडे ‘होयबा’ म्हणतात त्याच्या जवळपासचा तो शेरा आहे. कातडं, मेण, तार, कोवळी फांदी यांच्यासाठी मात्र प्लायबल हा चांगला, नेमका शब्द आहे.

म्हणून अर्जात फ्लेक्सिबलच लिहा. सगळे लिहितात म्हणून तो टाळायची गरज नाही. पण तो एकटा सोडू नका. ‘मी फ्लेक्सिबल आहे’ एवढंच लिहिलं की समोरचा त्यात त्याला हवं ते भरतो : रविवारी या, पगार कमी घ्या, चाकणला जा. फ्लेक्सिबलच्या पुढे ‘अबाउट’ लावून कशाबद्दल ते लिहा. पाळीच्या वेळांबद्दल, सुरू होण्याच्या तारखेबद्दल, जे खरं असेल ते.

मॅलिएबल आणि डक्टाइल

हे दोन शब्द धातूंचे. शाळेत आपण त्यांना वर्धनीयता आणि तन्यता या नावांनी भेटलो. दोन्हींत धातू आकार बदलतो आणि बदललेलाच राहतो. फरक आहे तो जोर कसा लावला याचा. मॅलिएबलमध्ये लॅटिनमधला हातोडा आहे : ठोकलं की पसरतो. डक्टाइलमध्ये ‘ओढून नेणे’ आहे : ओढलं की तार होते.

भांडी बाजारात तांब्याचा हंडा हातात घेतला की त्यावर ठोक्यांच्या खुणा दिसतात. प्रत्येक खूण म्हणजे मॅलिएबल या शब्दाचा एकेक पुरावा. तांबं ठोकत गेलं की ते हळूहळू कडक होत जातं आणि तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून कारागीर मध्येमध्ये ते तापवून लाल करतो. त्याने ते पुन्हा मऊ होतं आणि पुढचे ठोके घेतं. डक्टाइल पाहायचा तर येवल्याच्या पैठणीचा पदर आठवा. परंपरेने जरतार बनते ती चांदी-सोन्याची बारीक ओढलेली तार चपटी करून धाग्यावर गुंडाळून. एक ग्रॅम सोन्यापासून साधारण २ किलोमीटर लांबीची तार निघते, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचून मी लहानपणी थक्क झाले होते. पंचवटीतून नाशिक रोडच्या दिशेने निघालं तर निम्म्याहून जास्त वाट तरी उरतेच, पण एका ग्रॅमसाठी एवढंही काही कमी नाही.

दोन गुण नेहमी जोडीने येतात असं नाही. शिसं ठोकलं तर मुकाट पसरतं, पण ओढायला गेलं की तुटतं. म्हणजे ते मॅलिएबल आहे, डक्टाइल फारसं नाही. इंजिनिअरिंगची मुलं हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहितात तेव्हा त्यांना शिशाचं एवढं एक उदाहरण पुरतं.

लेखनात डक्टाइल धातूपुरताच ठेवावा. मॅलिएबल माणसाबद्दल येतो तो मुख्यतः लहान मुलांच्या मनाबद्दल, आणि तिथे तो काळजीचा शब्द आहे : या वयात मन घडवता येतं, म्हणून ते कोणाच्या हाती आहे ते बघा. स्वतःबद्दल तो लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

इलॅस्टिक, प्लॅस्टिक, रेझिलियंट : दुसऱ्या प्रश्नाचं घर

जोर काढला की परत येतं का? हो असेल तर इलॅस्टिक, नाही तर प्लॅस्टिक. मराठीत इलॅस्टिकसाठी ‘स्थितिस्थापक’ हा फार सुंदर शब्द आहे, आधीची स्थिती पुन्हा स्थापन करणारा. पण परीक्षेच्या पेपराबाहेर तो क्वचितच दिसतो. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये सांगितलं की स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या प्रमाणात ती उलट ओढते. मर्यादेच्या आत हे खरं. मर्यादा ओलांडली की स्प्रिंग ढिली पडते आणि तशीच राहते.

सातपूर-अंबडच्या पत्रा वाकवणाऱ्या कारखान्यांत हे रोज घडतं. पत्र्याला काटकोनात वाकवायचं असेल तर प्रेसवर तो काटकोनापेक्षा थोडा जास्त वाकवावा लागतो, कारण दाब सुटला की तो किंचित मागे येतो. तिथली माणसं त्याला ‘स्प्रिंगबॅक’ म्हणतात. जेवढा मागे आला तेवढा इलॅस्टिक, जेवढा वाकलेला राहिला तेवढा प्लॅस्टिक. एकाच पत्र्यात, एकाच दाबात दोन्ही शब्द. कोणत्याही शब्दकोशापेक्षा हे उदाहरण मला जास्त आवडतं, आणि ते मला एका ऑपरेटरने पाच मिनिटांत समजावलं होतं.

प्लॅस्टिक म्हटलं की पिशवी आठवते, पण विशेषण म्हणून शब्द जुना आहे. ग्रीकमध्ये त्याचं मूळ ‘घडवणे, आकार देणे’. प्लॅस्टिक सर्जरी हे नाव एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे १९०७ च्या बेकलाइट या पहिल्या पूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिकच्याही आधीचं. त्या शस्त्रक्रियेत प्लॅस्टिक बसवत नाहीत, अवयवाला आकार देतात. मेंदू अनुभवाने स्वतःची जोडणी बदलतो त्याला न्यूरोप्लॅस्टिसिटी म्हणतात तेही याच अर्थाने. बदल झाला आणि टिकला.

रेझिलियंट मूळचा ‘मागे उडी घेणे’ या अर्थाचा. पदार्थाबद्दल तो इलॅस्टिकच्या जवळ आहे, पण माणसांबद्दल त्याचं वजन कितीतरी जास्त. गोदावरीला पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. २००८ आणि २०१६ च्या पुरात पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत घुसलं होतं. दुकानदारांनी गाळ उपसला, भांडी घासली, वह्या उन्हात वाळवल्या आणि दुकानं पुन्हा उघडली. त्यांना फ्लेक्सिबल म्हणणं म्हणजे त्यांच्या कष्टाला कमी लेखणं. इलॅस्टिक म्हटलं तर ते रबर होतील. इथे शब्द एकच, रेझिलियंट. त्यात आघात गृहीत आहे. ज्याला धक्काच बसला नाही त्याच्यासाठी हा शब्द वापरू नये. आजकाल तो कोणत्याही जाहिरातीत सैल हाताने टाकतात, ते मला खटकतं.

कांद्याचे भाव कसे असतात?

कॉमर्सच्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, ‘लासलगावचे कांद्याचे भाव फार फ्लेक्सिबल आहेत.’ वाक्य वाचल्यावर वाटतं की व्यापाऱ्याशी घासाघीस करता येते. फ्लेक्सिबल प्राइस म्हणजे वाटाघाटीला जागा असलेली किंमत. त्याला म्हणायचं होतं की भाव आज वर तर उद्या खाली असतात. त्याला शब्द आहे व्होलटाइल. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘उडणारा’. पेट्रोल उघड्यावर उडून जातं म्हणून तेही व्होलटाइल.

त्यातच इलॅस्टिकचा अर्थशास्त्रातला वापर लपलेला आहे. किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे मोजायला आल्फ्रेड मार्शलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इलॅस्टिसिटी हा शब्द अर्थशास्त्रात रुळवला. कांदा महागला म्हणून आपण फोडणी बंद करत नाही. फार तर दोनाऐवजी एक कांदा चिरतो. म्हणजे मागणी ताणली जात नाही, ती इनइलॅस्टिक आहे. आता अवकाळी पावसाने माल थोडा कमी आला तरी घेणारे तेवढेच राहतात, आणि भाव उसळतात. आवक जास्त झाली तरी लोक दुप्पट कांदा खात नाहीत, आणि भाव कोसळतात. तेव्हा मागणी ताणली जात नाही, म्हणूनच भाव उडतात. दोन शब्द एकमेकांचे विरुद्ध वाटतात, पण एक दुसऱ्याचं कारण आहे. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो ते आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. म्हणून तरी या भावांना कोणी ‘फ्लेक्सिबल’ असा सौम्य शब्द लावू नये.

व्होलटाइलच्या शेजारी फिकल बसतो, पण तो माणसाच्या मनासाठी. आज एक, उद्या दुसरं, विश्वास ठेवता येणार नाही असं. जुन्या इंग्रजीत तर त्याचा अर्थ कपटी असा होता. आपला ‘चंचल’ त्याच्यापेक्षा मवाळ आहे. लहान मूल चंचल असतं, फिकल नसतं. परिस्थिती अजून ठरलेली नाही, बदलते आहे, एवढंच सांगायचं असेल तर फ्लुइड म्हणावं. त्यात दोष नाही, फक्त वाहतेपण आहे. आणि दवाखान्यात नोंदी लिहिणाऱ्या परिचारिकांना लेबाइल हा शब्द भेटतो : रक्तदाब किंवा मनःस्थिती वारंवार वरखाली होत असेल तर. तो तिथेच ठेवावा.

अ‍ॅजाइल की निंबल?

इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन्हींसाठी सारखंच : स्वतःहून हलतात. दोन्ही कौतुकाचे शब्द. मग फरक काय? माझ्या मते अंगाच्या मापाचा.

थिनिंगच्या दिवसांत द्राक्षाच्या घडातले नको ते मणी छोट्या कात्रीने काढणाऱ्या बायकांचे हात पाहा. घड हलत नाही, उरलेल्या मण्याला टोक लागत नाही, आणि बोटं मात्र सतत फिरत असतात. ती निंबल बोटं. अ‍ॅजाइल बोटं म्हटलं तर चूक नाही, पण कानाला बरं वाटत नाही. निंबलमध्ये हलकेपणा, बारकावा, नेमकेपणा आहे. उलट उसातून निघून एका झेपेत कुंपण ओलांडणारा बिबट्या अ‍ॅजाइल. त्यात सगळं शरीर आहे, ताकद आहे, क्षणात दिशा बदलणं आहे.

दिशा बदलणं हा अ‍ॅजाइलचा गाभा. नुसत्या वेगाला अ‍ॅजाइल म्हणत नाहीत. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. ते २५ फेऱ्यांचं धावणं वेगाचं आणि दमाचं होतं. त्याचं वर्णन करायला दुसरे मोठे शब्द आहेत. अ‍ॅजाइल म्हणायचं ते खो-खोच्या खेळाडूला, जो पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठे वळतो ते पाहून पाय फिरवतो. सॉफ्टवेअरमधलं अ‍ॅजाइलही याच अर्थाने आलं. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात १७ जणांनी बसून जो जाहीरनामा लिहिला, त्यात आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं वरचढ मानलं होतं. आयटीत काम करणारी मुलं ‘आमची टीम अ‍ॅजाइल आहे’ म्हणतात तेव्हा अनेकदा त्यांना ‘आम्ही भराभर काम करतो’ असं म्हणायचं असतं. तो अर्थ अपुरा आहे.

शब्दांच्या मुळांत इथे मला खरा आनंद मिळाला. अ‍ॅजाइलमागचं लॅटिन क्रियापद आणि संस्कृतमधला ‘अज्’, म्हणजे हाकणे, पुढे नेणे, हे एकाच मुळातून आले आहेत. संस्कृतात ‘अजिर’ म्हणजे चपळ. म्हणजे शब्द परका वाटला तरी नातं जुनं. निंबल जुन्या इंग्रजीतल्या ‘घेणे’ या क्रियापदातून आला : पटकन उचलणारा, पटकन आत्मसात करणारा. बधिर या अर्थाचा नम्ब शब्दही त्याच मुळाचा, ज्याची संवेदना काढून घेतली आहे असा. एकात बोटं सर्वांत जागी, दुसऱ्यात पार मेलेली. उच्चाराची एक गोष्ट लक्षात ठेवा : निंबलमधला ब म्हणायचा, नम्बमधला लिहायचा पण म्हणायचा नाही, तो ‘नम’ असाच.

एक सावधगिरी. ‘निंबल-फिंगर्ड’ हे कौतुक आहे, पण बोटं हलकी आहेत असं सांगायला कोणी ‘लाइट-फिंगर्ड’ लिहिलं तर त्याचा अर्थ चोरटा. आपल्या ‘हात मारणे’सारखी ती गत होते.

कंपनीची माहितीपत्रिका लिहिणाऱ्यांनी विचारलं तर मी सांगेन : पाच-दहा माणसांचं युनिट असेल आणि छोट्या ऑर्डरी पटापट वळवता येत असतील तर निंबल. मोठा पसारा असूनही दिशा बदलता येत असेल तर अ‍ॅजाइल.

फ्लेक्सिबिलिटी आणि मोबिलिटी, आईच्या गुडघ्यावरून

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट दोन आकडे लिहायच्या. स्वतः हाताने पाय वाकवून गुडघा किती दुमडतो तो एक, आणि आईने आपल्या जोरावर किती दुमडला तो दुसरा. पहिला नेहमी मोठा असायचा. मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “काकूंचा गुडघा वाकतोय, पण अजून काकू त्याला वाकवत नाहीयेत.” इतकं साधं आणि इतकं नेमकं वाक्य मी व्याकरणाच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

व्यायामाच्या क्षेत्रात फ्लेक्सिबिलिटी म्हणजे स्नायू किती ताणला जातो, आणि मोबिलिटी म्हणजे सांधा स्वतःच्या ताकदीने, ताबा ठेवून किती फिरवता येतो. योगवर्गाची जाहिरात लिहिताना ज्येष्ठांसाठी मोबिलिटी लिहा. त्यांना पायाच्या अंगठ्याला हात लावण्यापेक्षा जमिनीवरून आपलं आपण उठता येणं मोलाचं असतं.

मोबाईल आणि मूव्हेबल यांत तोच फरक. मोबाईल हलू शकतो, मूव्हेबल हलवता येतो. स्थावर-जंगममधलं ‘जंगम’ कायद्याच्या इंग्रजीत मूव्हेबल प्रॉपर्टी होतं, मोबाईल प्रॉपर्टी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तर शेतातलं उभं पीकही स्थावर धरलेलं नाही, जरी ते जागचं हलत नसलं तरी. कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्यांनी इथे बोलीतल्या अर्थावर विसंबू नये. आणि जमाव या अर्थाचा मॉब हा शब्द मोबाईलचाच तुकडा : ‘चंचल जनसमुदाय’ अशा अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग सतराव्या शतकाच्या अखेरीस कापून छोटा केला गेला.

सपल, लाइद आणि लिंबर हे तिघे शरीराचे, त्यांना फार वेळ नको. सपल म्हणजे मऊसूत वाकणारं : त्वचा, चामडं, नर्तकीचं अंग. त्याचं मूळ मात्र गुडघे टेकून विनवणाऱ्याचं आहे. लाइदमध्ये सडपातळपणा आणि डौल येतो, म्हणून तो कादंबरीत शोभतो, अर्जात नाही. लिंबर मुख्यतः ‘लिंबर अप’ असा, खेळाआधी अंग मोकळं करणं.

व्हर्सटाइल की अडॅप्टेबल?

सर्वांत जास्त विचारली जाणारी जोडी. व्हर्सटाइलचं मूळ ‘वळणे, फिरणे’. संस्कृतमधला ‘वृत्’ आणि त्यातून आलेले आपले वर्तुळ, परिवर्तन हे त्याचे सख्खे नातलग. सतराव्या शतकात व्हर्सटाइल माणूस म्हणजे अस्थिर माणूस असाही अर्थ होता. आता त्यात फक्त कौतुक उरलं आहे : अनेक कामं येणारा, अष्टपैलू. अडॅप्टेबलला अनेक कामं येत नसतील, पण नव्या जागी तो स्वतःला बदलून घेतो. कांदा स्वयंपाकघरात व्हर्सटाइल आहे. भाजीत, चटणीत, भज्यांत, मिसळीवर, सगळीकडे तो चालतो. माळरानावरचं वावी गाव सोडून नाशिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहायला आलेली मुलगी अडॅप्टेबल. एक गुण हातांत असतो, दुसरा स्वभावात.

लिहिताना अडॅप्टेबलच्या पुढे ‘टू’ येतो. आणि अडॅप्ट, अडॉप्ट, अडेप्ट ही तीन रूपं कृपा करून वेगळी ठेवा : जुळवून घेणे, दत्तक घेणे किंवा स्वीकारणे, आणि निष्णात. ‘नव्या वातावरणाला मी अडॉप्ट होईन’ असं वाक्य मी दर आठवड्याला खोडते.

त्या दिवशी अर्जातला मॅलिएबल खोडल्यावर तिने त्याजागी अडॅप्टेबल लिहिलं, पुढे ‘टू’ लिहिलं आणि पेन थांबलं. कशाला, असं मी विचारलं. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “पाळ्यांना. शेवटच्या वर्षी मी पहाटे दुधाच्या संकलन केंद्रावर काम करून मग कॉलेजला येत होते.” तेही लिहिलं. मग तिला व्हर्सटाइल घालावासा वाटला. त्याच्याऐवजी तिला वापरता येणारी मोजमापाची साधनं लिहायला सांगितली : व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज. अर्ज दोन ओळींनी लांबला. हार्डवर्किंग तिने आपणहून काढून टाकला, आणि साडेपाचची एसटी पकडायला ती पळाली.